मोटारसायकलींची सहल : बिनी आणि चंदावल

मोटारसायकलीला मराठी माणसानें 'फटफटी' हें नांव दिलें तें तिच्या आवाजावरून. म्हणजे ह्या वाहनाची पहिली ओळख डोळ्यांस नव्हे, कानांस झाली. एखादी फटफटी रस्त्यानें गेली तर आज कोणी मान वळवूनहि पाहत नाहीं. परंतु रविवारीं पहांटे दहा-बारा फटफट्या एकापाठोपाठ एक निघाल्या कीं वडीलधारीं माणसेंहि चहाचा पेला हातांत घेऊन गॅलरींत येतात आणि 'हीं पोरें निघालीं तरी कोठें?' असें म्हणून पुनः आंत जातात. त्या प्रश्नांत थोडें कुतूहल असतें, थोडी नापसंती असते, आणि त्या पोरांत आपलें स्वतःचें पोर असेल तर बरीचशी धास्तीहि असते. पोरें म्हणजे केवळ मुलगेच असेंहि आतां राहिलेलें नाहीं. केवळ स्त्रियांची अशी 'बायकर्नी' ही मोटारसायकलस्वारांची संस्था पुण्यांतच २०११ सालीं सुरू झाली.

धास्ती निराधार नाहीं. केंद्र सरकारच्या वाहतूक खात्याच्या आंकड्यांप्रमाणें २०२२ सालीं भारतांतील रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं, आणि त्यांपैकीं दर शंभरांत चव्वेचाळीस दुचाकीवरचीं होतीं. घरच्या माणसांची समजूत अशी कीं, बरोबर चार सोबती असले म्हणजे जाणें सुरक्षित. तरुणांची समजूत अशी कीं, बरोबर चार सोबती असले म्हणजे जाणें मौजेचें. दोन्ही समजुती अर्ध्याच खऱ्या आहेत. बारा फटफट्या एका रस्त्यानें गेल्या म्हणून त्यांची सहल होत नाहीं. कित्येकदां ती बारा जणांची शर्यतच असते; शर्यत हा शब्द तेवढा कोणी उच्चारीत नाहीं.

वास्तविक हें वाहन एकट्याचें. आगगाडींत शेजारीं बसलेलीं अनोळखी माणसेंहि लोणावळें येईपर्यंत एकमेकांच्या मुलांचीं लग्नें जुळवूं लागतात. पण शंभर किलोमीटर बरोबर गेलेले दोन मोटारसायकलस्वार तेवढ्या वेळांत एक शब्दहि बोललेले नसतात. डोक्याला शिरस्त्राण, कानांत वारा, आणि डोळे रस्त्यावर. मग एकत्र जाण्यांत एकत्र तें काय? दुसऱ्याची वाट लक्षांत ठेवून आपली वाट चालणें, एवढेंच. आणि हें लक्ष पुढच्यानें मागच्याकडे ठेवावयाचें असतें. मागचा पुढच्याकडे पाहतोच. त्याला शिकवावें लागत नाहीं. पुढच्याला मात्र मागें पाहण्याची संवय मुद्दाम लावून घ्यावी लागते, आणि चांगल्या सहलीचें मर्म बव्हंशी ह्या एका संवयींत आहे.

मराठी फौजा कूच करीत तेव्हां त्यांच्या आघाडीस बिनी आणि पिछाडीस चंदावल असे. बिनीचें नांव मोठें. बिनीवाले हें आडनांवहि त्यावरून पडलें. चंदावलाच्या वांट्यास तेवढें नांव आलें नाहीं, पण मुलखांतून सही-सलामत परतणें बरेंच त्याच्यावर अवलंबून असे. मोटारसायकलींच्या तांड्यालाहि बिनीवाला आणि चंदावलाचा स्वार असे दोघे लागतात, आणि ह्या दोघांत अधिक जाणता कोण असावा असा प्रश्न पडलाच तर त्याला मागें ठेवावें. पुढचा चुकला तर सारे चुकून चार किलोमीटर अधिक जातील. मागचा अडाणी असला तर एखाद्याची गाडी बंद पडलेली किंवा एखादा दरींत उतरलेला पुढच्या चहापर्यंत कोणास कळावयाचें नाहीं.

उदाहरणादाखल पुणेंकरांच्या नित्य परिचयाचा एक फेरा घेतां येईल. पुण्याहून महामार्गानें सुरूर फाटा; तेथून वांई; पसरणीचा घाट चढून पांचगणी आणि महाबळेश्वर; मग आंबेनळी घाटानें प्रतापगड बाजूस ठेवून पोलादपूर; पुढें महाड, आणि वरंध घाटानें पुनः देशावर येऊन भोर, कापूरहोळ, पुणें. सारा प्रवास सुमारें ३०० किलोमीटरांचा. एका दिवसांत हा फेरा करणारे पुष्कळ आहेत. आंकड्यावरून तो सोपा वाटतो. परंतु महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १,३५० मीटर उंच आणि पोलादपूर जवळजवळ कोंकणच्या तळाशीं, आणि मधला सारा उतार चाळीसेक किलोमीटरांत उतरावयाचा. मग पुनः वरंधांत चढून यावयाचें. पावसाळ्यांत तर ह्या वाटेचा भरवसा धरूं नये. २०२१ च्या जुलैंतील अतिवृष्टीनें आंबेनळीचा रस्ता जागोजागीं खचला होता, आणि वरंध घाट अलीकडील कित्येक पावसाळ्यांत सरकारी हुकुमानें वाहतुकीस बंद ठेवण्यांत आला आहे.

अशा सहलीचें वेळापत्रक सकाळपासून पुढें मांडण्याची चाल आहे. तें संध्याकाळपासून मागें मोजीत यावें. डिसेंबरांत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हां वरंधाची चढण संपवून भोरच्या बाजूस येणें साडेपांचच्या आंत व्हावयास हवें. म्हणजे महाड साडेतीनला सुटलें पाहिजे. म्हणजे दुपारचें जेवण दोनच्या पुढें ढकलतां येत नाहीं. आणि असें मागें येतां येतां असें आढळून येतें कीं, पुण्याहून सहाच्या सुमारास निघाल्यावांचून गत्यंतर नाहीं. घाटांतल्या रस्त्यावर, थांबे वगळून, तासाला सरासरी चाळीस किलोमीटरांहून अधिक धरणारा मनुष्य हिशेबांत कच्चा समजावा. महाबळेश्वरासच उशीर झाला तर काय करावयाचें हेंहि निघण्यापूर्वींच ठरलेलें असावें: वरंध सोडून द्यावा आणि आल्या वाटेनें परतावें. हा निर्णय ऐन वेळीं घ्यावयाचा ठेवला तर बाराजणांत एक तरी शूर निघतोच, आणि उरलेले अकरा त्याच्या शौर्याखातर अंधारांत घाट चढतात.

तेलाचाहि हिशेब असाच धाकट्यावरून करावयाचा. ज्याच्या गाडीची टांकी सर्वांत लहान तो थांबेल तेथें सर्वांनीं थांबावें. मोठ्या टांकीच्या स्वारास हें थांबणें व्यर्थ वाटतें. पण त्याच्या पाठीला त्याच वेळीं विसांवा मिळतो, हें त्यास दुसऱ्या दिवशीं सकाळीं उमगतें.

निघण्यापूर्वीं दहा मिनिटें उभ्यानें बोलून घ्यावें. वाट कोणती, थांबे कोठें, बिनीला कोण, चंदावलीस कोण, कोणाजवळ औषधांची पेटी, कोणाजवळ पंक्चरचें सामान. प्रत्येकाचें नांव, रक्तगट आणि घरच्या माणसाचा दूरध्वनिक्रमांक चंदावलाच्या खिशांतल्या कागदावर. मग हाताच्या खुणा. उजवा हात वेगाच्या मुठीवर गुंतलेला, म्हणून खुणा डाव्या हाताच्या. एक बोट वर म्हणजे एकेरी रांग, दोन बोटें म्हणजे दुहेरी, टांकीकडे बोट म्हणजे तेल, तळवा खालीं करून हात हलविला म्हणजे हळू. खड्डा उजवीकडे असला तर उजवा पाय बाहेर काढून दाखवावा. पुढच्यानें केलेली खूण प्रत्येकानें मागच्यासाठीं पुनः करावयाची असते. लहान मुलांच्या कानगोष्टींच्या खेळांत शेवटच्यापर्यंत पोंचतां पोंचतां शब्द बदलतो आणि सारे हसतात. येथें बदलला तर शेवटचा खड्ड्यांत जातो. अलीकडे शिरस्त्राणांत बसविलेल्या बिनतारी बोलण्याच्या यंत्रांमुळें खुणा मागें पडत चालल्या आहेत. यंत्रें उपयोगी आहेत, पण त्यांतून गप्पाहि होतात, आणि घाटांतली गप्प ही फार महाग पडण्याजोगी चैन आहे.

आतां रांगेची गोष्ट. आपल्याकडे वाहनें डाव्या बाजूनें चालतात. म्हणून बिनीवाल्यानें आपल्या पट्ट्याच्या उजव्या भागांत असावें, दुसऱ्यानें डाव्या भागांत त्याच्या मागें एक सेकंद, तिसऱ्यानें पुनः उजवीकडे, पहिल्याच्या मागें दोन सेकंद, आणि ह्याच क्रमानें पुढें. अशा नागमोडी रचनेंत प्रत्येकाला समोर मोकळी जागा मिळते आणि रांगहि फार लांबत नाहीं. वळणांच्या रस्त्यावर, अरुंद पुलावर किंवा खराब वाटेवर मात्र ही रचना मोडून एकेरी व्हावें, कारण वळणावर स्वाराला आपल्या पट्ट्याची सगळी रुंदी लागते. अंतर सेकंदांत कां मोजावयाचें, मीटरांत कां नाहीं? पुढचा स्वार एखाद्या झाडाजवळून गेला कीं 'एक हजार एक, एक हजार दोन' असें मनांत म्हणावें. तोंवर आपण त्या झाडाशीं पोंचूं नये. वेग वाढला कीं अंतर आपोआप वाढतें. स्वाराला त्रैराशिक मांडावें लागत नाहीं.

ह्या सेकंदांच्या मापांतच समूहप्रवासांतला सर्वांत फसवा प्रकार दडलेला आहे, आणि तो थोडा सावकाश पाहण्यासारखा आहे. बारा स्वार एकेरी रांगेंत, दोन दोन सेकंदांच्या अंतरानें चालले आहेत, असें धरावें. म्हणजे बिनीवाल्याच्या मागें शेवटचा बावीस सेकंदांवर आहे. सारे गांवांतून ताशीं ३० किलोमीटरांनीं जात असतां हें अंतर सुमारें १८० मीटर भरतें. बिनीवाला वेशीबाहेर पडतो आणि ६० चा वेग धरतो. चंदावल अद्याप गांवांतच आहे. त्याला आणखी बावीस सेकंद ३० नेंच जावयाचें आहे. तो वेशीवर येतो तेव्हां बिनीवाला ३६० मीटरांवर गेलेला असतो. अंतर दुप्पट झालें! वास्तविक कांहींच झालेलें नाहीं. बावीस सेकंद होते ते बावीसच आहेत. परंतु मागच्याला सेकंद दिसत नाहींत, मीटर दिसतात. आपण मागें पडलों असें त्याच्या मनानें घेतलें कीं तो ८० वर जातो. पुढच्या गांवीं बिनीवाला वेग कमी करतो, रांग आवळते, आणि मागचे सारे एकमेकांवर येऊन करकचून ब्रेक दाबतात. रबराची दोरी ताणून सोडावी तसा हा खेळ दिवसभर चालतो. पुढचा संध्याकाळीं म्हणतो, 'छे, फार सावकाश गेलों!' आणि तो खोटें बोलत नसतो. मागच्याचे हात मात्र कांपत असतात.

मधें एखादा मालट्रक शिरला तर हा ताण खोटा न राहतां खरा होतो. समजा, चंदावल एक किलोमीटर मागें राहिला. बिनीवाला ६० नें जातच राहिला तर त्याला गांठण्यास चंदावलाला ८० नें तीन मिनिटें म्हणजे चार किलोमीटर जावें लागेल. आणि घाटांत चार किलोमीटर ८० नें जाणें हा आत्मघात होय. तेंच बिनीवाल्यानें आपला वेग ४० वर आणला तर चंदावल आपल्या ६० नेंच त्याच तीन मिनिटांत येऊन मिळतो. दोन्हीकडे गणित तेंच. एकांत साहस मागच्यानें करावयाचें आणि दुसऱ्यांत कसलें साहसच उरत नाहीं. चांगला बिनीवाला आरशाकडे इतक्या वेळां पाहतो कीं नवख्याला तें भित्रेपण वाटावें.

म्हणून रांग आंखूड हवी. मोटारसायकलींच्या सुरक्षिततेसाठीं अमेरिकेंत १९७३ सालीं स्थापन झालेली 'मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशन' ही संस्था एका तांड्यांत पांच ते सात गाड्या असाव्या असें सांगते. बारा असतील तर सहा-सहांच्या दोन तुकड्या कराव्या, प्रत्येकीची बिनी आणि चंदावल वेगळी, आणि दोहोंत पांच मिनिटांचें अंतर. मित्रमंडळी ह्यास सहसा कबूल होत नाहीं. सर्वांनाच एका चित्रांत यावयाचें असतें. चित्र थांब्यावर काढतां येतें.

तुकडींत कोणी कोठें असावें ह्याला महत्त्व आहे. आळंदीहून निघणाऱ्या पालखीसोहळ्यांत रथापुढील आणि रथामागील दिंड्यांचे क्रम ठरलेले असतात. म्हणूनच एवढा जनसमुदाय दिवे घाट चढून जातो. फटफटीवाल्यांत मात्र ज्याची गाडी मोठी तो पुढें आणि ज्याची लहान किंवा जो नवखा तो आपोआप शेवटीं, असा क्रम लागतो. हा क्रम नेमका उलटा आहे. रबराच्या दोरीचा सारा ताण शेवटच्यावर येतो, आणि तेथेंच सर्वांत कमी अनुभवाचा मनुष्य ठेवला जातो! नवख्याची जागा दुसरी. बिनीवाल्याच्या अगदीं मागें. तेथें त्याला वळणावरची रेघ समोर दिसते, ब्रेक कोठें धरला, गिअर केव्हां उतरविला तें दिसतें, आणि मुख्य म्हणजे तो बिनीवाल्याच्या आरशांत सदैव असतो. त्याला जेवढें झेपतें तेवढाच सर्वांचा वेग होतो.

पसरणीच्या घाटांत ह्या गोष्टीची परीक्षा होते. नवखा मागें असला कीं वळणावर पुढच्याची लाल बत्ती दिसेनाशी होते. ती पुनः दिसावी म्हणून तो त्या वळणांत आपल्या बेताबाहेरच्या वेगानें शिरतो. आणि वळणापलीकडून एस्.टी. ची गाडी सगळा रस्ता व्यापून उतरत असते. अशा वेळीं दोष कोणाचा? पंचनाम्यांत स्वाराचा. पण त्याला त्या वेगांत ढकलणारा अर्धा किलोमीटर पुढें निघून गेलेला असतो, आणि त्यानें कोणताच कायदा मोडलेला नसतो.

उतरणीस आणखी एक भेद जाणवतो. आंबेनळींत गाडी खालच्या गिअरमध्यें ठेवून एंजिनाच्या ओढीनें वेग आंवरावयाचा असतो. न्यूट्रलमध्यें सोडून ब्रेकांवर विसंबणाऱ्याचे ब्रेक तापून निकामी होऊं शकतात. बुलेटसारख्या चार स्ट्रोकांच्या एंजिनास ही ओढ चांगली असते. म्हैसूरच्या 'आयडियल जावा' कारखान्यांतून १९६० ते १९९६ पर्यंत निघालेल्या जावा आणि येझदी ह्या दोन स्ट्रोकांच्या गाड्या. त्यांस ती बेताचीच. ज्या पुणेंकरांनीं वडिलांची येझदी अद्याप जपून ठेवली आहे, त्यांस बुलेटच्या मागें उतरतांना अधिक अंतर द्यावयास हवें, आणि बुलेटवाल्यानेंहि तें ध्यानांत ठेवावयास हवें.

इतकें करूनहि तुकडी कधीं कधीं फुटतेच. त्यावर एक युक्ति जगभर रूढ आहे. जेथें रस्ता फुटतो तेथें बिनीवाला आपल्या मागच्या स्वारास बोट दाखवितो. तो स्वार सुरक्षित जागीं, सर्वांस दिसेल असा उभा राहतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला वाट दाखवितो. चंदावल आला कीं त्याच्या पुढें रांगेंत शिरतो. पुढच्या फाट्यावर आतां जो दुसरा असेल तो. सुरूर फाट्यावर एक, वांईंत दुसरा; पोलादपुरास तर माणूस हवाच, कारण तेथें महाडसाठीं उजवीकडे वळावयाचें, आणि चुकून डावीकडे गेलेला स्वार कशेडीच्या घाटाकडे लागतो. ह्या पद्धतीचा मोठा गुण असा कीं, पुढचा दिसेनासा झाला तरी कोणास घाई करावी लागत नाहीं. फाट्यावर मनुष्य उभा आहे ही खात्री असते. ती खात्री एकदां जरी खोटी ठरली, उभा केलेला मनुष्य कंटाळून निघून गेला, तर मात्र सारी पद्धतच मोडली. नवख्याची पाळी आली तर त्यालाहि उभें करावें आणि पुढच्या थांब्यावर क्रम पुनः पहिल्यासारखा लावून घ्यावा. वीस मिनिटें एकटा नाक्यावर उभा राहून चार जणांना वाट दाखविणारा तरुण त्या दिवशीं तुकडीचा होतो.

दुसऱ्या वाहनास ओलांडतांना प्रत्येकानें आपापला रस्ता पाहून जावें. पुढचा गेला म्हणजे आपल्यालाहि जागा आहे, हा समज भलत्याच ठिकाणीं नेतो. आणि ओलांडून गेलेल्यानें लगेच वेग कमी करूं नये. मागच्याला शिरावयास जागा उरत नाहीं.

आवाजाविषयीं थोडें सांगणें प्राप्त आहे. मूळचा सायलेन्सर काढून गर्जना करणारा नळा बसविण्याची हौस बेकायदेशीर तर आहेच, शिवाय ती घाटमाथ्यावरच्या गांवांनीं कां सोसावी हें कळत नाहीं. भल्या पहांटे वांईच्या बाजारांतून गेलेली तुकडी कोणाची झोंप न मोडतां गेली, तर परत येतांना तिला पाण्याचा तांब्या मिळतो.

अपघात झालाच तर काय, हेंहि सकाळच्या दहा मिनिटांतच ठरवून ठेवलेलें असावें. नाहीं तर पांचहि जण जखमी मनुष्याभोंवतीं गोळा होतात आणि वळणावर उभ्या केलेल्या त्यांच्याच गाड्यांवर मागचें वाहन आदळतें. दोघांनीं जखमीजवळ थांबावें. एकानें वळणाच्या वर व एकानें खालीं जाऊन येणारीं वाहनें थोपवावीं. एकानें १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घाटांत दूरध्वनीची रेघ मिळत नसेल तर ती मिळेपर्यंत पुढें जावें. श्वासास अडथळा होत नसेल तर शिरस्त्राण ओढून काढूं नये. मानेस इजा असेल तर ती त्यानें वाढते. वाटेवरच्या परक्या माणसांनीं मदत करण्यास आतां भिण्याचें कारण नाहीं. २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत घातलेल्या १३४-अ ह्या कलमानें अशा परोपकारी माणसास संरक्षण दिलें आहे. दंडाच्या भीतीनें नगराच्या हद्दींत घातलेलें शिरस्त्राण घाटांत काढून आरशाला अडकविणारे स्वार अजून दिसतात, आणि पाठीमागें बसलेल्यास तें लागतच नाहीं असें मानणारे तर अधिकच. कायद्याच्या १२९ व्या कलमानें तें दोघांसहि सक्तीचें आहे.

कापूरहोळास भोरची वाट महामार्गाला मिळते. शहाणी तुकडी येथें शेवटचा चहा घेते आणि येथेंच अधिकृतपणें मोडते. कारण कात्रजच्या पुढें रविवार संध्याकाळच्या गर्दींत रांग राखूं पाहणें म्हणजे प्रत्येक दिव्यापाशीं कोणाला तरी लाल दिवा ओलांडावयास लावणें होय. तेथून ज्यानें त्यानें आपल्या घराकडे आपल्या चालीनें जावें. चंदावलाच्या खिशांतला कागद मात्र अद्याप फाडावयाचा नसतो. प्रत्येकानें घरीं पोंचतांच त्याला दोन शब्द कळवावयाचे, आणि त्यानें त्या नांवापुढें खूण करावयाची. पांच नांवांपुढें पांच खुणा झाल्या कीं तो स्वतः पोंचल्याचें बिनीवाल्यास कळवितो, आणि मग पायांतले जोडे काढतो.